इंग्रजी धावते, मराठी चालते

इंग्रजी शिकू लागलेल्या प्रौढ विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा दोन रकाने आढळतात : डावीकडे इंग्रजी शब्द आणि उजवीकडे त्याचा मराठी अर्थ. ‘रन म्हणजे धावणे’ अशी नोंद करून तो पुढे जातो. परंतु थोड्याच दिवसांत हा लहानसा शब्द त्याची परीक्षा पाहू लागतो.

इंग्रजीत केवळ माणूसच ‘रन’ करीत नाही. नळाचे पाणी, सर्दीने गळणारे नाक, धुताना उतरणारा कापडाचा रंग, कारखान्यातील यंत्र या सर्वांसाठी हेच क्रियापद वापरतात. दुकान चालवणे आणि निवडणुकीला उभे राहणे हेही त्याच शब्दाने सांगता येते. घरातील साखर संपली तरी ‘रन आउट’ आणि फलंदाज धावबाद झाला तरी ‘रन आउट’च!

ऑक्सफर्ड इंग्रजी शब्दकोशाच्या १९८९ सालच्या दुसऱ्या आवृत्तीत सर्वांत मोठी नोंद ‘सेट’ या शब्दाची होती. पुढे संपादकांनी ‘रन’ची नोंद नव्याने तयार केली, तेव्हा केवळ क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरले. ही गोष्ट २०११ साली प्रसिद्ध झाली. या वाढीस यंत्रयुगाचा मोठा हातभार लागला. आगगाडी, गिरणी, घड्याळ आणि पुढे संगणक, प्रत्येकाच्या कामासाठी इंग्रजीने हाच जुना शब्द पुढे केला.

हा आकडा पाहून विद्यार्थ्याने दडपून जाण्याचे कारण नाही. मराठीतील ‘चालणे’ हे क्रियापदच पाहावे. घड्याळ, दुकान, खटला आणि श्वास यांना पाय नाहीत. तरीही ते चालतात. खोटे नाणे मात्र चालत नाही. ‘चहा चालेल का?’ या प्रश्नात तर पावलांचा मागमूसही नसतो. जे यंत्र इंग्रजीत धावते, तेच मराठीत चालते. मराठी माणसाने या अर्थांची यादी कधी पाठ केलेली नसते. शब्दाची संगत पाहून तो अर्थ ओळखतो.

शब्दार्थांची यादी निरुपयोगी नाही. ती पहिली पायरी आहे. मात्र तिच्यावरच थांबणारा विद्यार्थी नवा अर्थ समोर येताच स्वतःच्या बुद्धीला दोष देतो आणि पुष्कळदा इंग्रजीचा नाद सोडतो. वस्तुतः दोष पद्धतीचा असतो. वहीत सुट्या शब्दाऐवजी तो ज्या वाक्यात भेटला ते संपूर्ण वाक्य उतरवावे. मातृभाषेत जी जाण आपोआप आली, ती परभाषेत अशाच सरावाने येते.