वाटाड्या आणि वास्तु

रत्नागिरीस येणाऱ्या पाहुण्यांना गांव दाखविण्यासाठीं तरुण स्वयंसेवक तयार करावे, ही कल्पना सर्वांसच रुचते. परंतु त्यांना नगराच्या वास्तुरचनेवर रीतसर व्याख्यानें द्यावीं, असें म्हणतांच सुशिक्षितांच्याही कपाळास आठ्या पडतात. वाटाड्यास वास्तुशास्त्र कशाला, चार सनावळ्या पाठ असल्या म्हणजे झालें, हा पहिला आक्षेप. आणि थिबाच्या राजवाड्याखेरीज येथें दाखविण्याजोगें आहे काय, हा दुसरा. दोन्ही एकाच अज्ञानाचीं अपत्यें आहेत, असें आमचें स्पष्ट मत आहे.

प्रथम तो राजवाडाच घेऊं. ब्रह्मदेशचा शेवटचा राजा थिबा १८८५ सालीं पदच्युत झाला, पुढील वर्षीं त्यास रत्नागिरीस आणलें, १९१० मध्यें तो या वाड्यांत राहावयास आला आणि १९१६ सालीं येथेंच वारला. एवढें तर कोणतीही पाटी सांगेल! त्यासाठीं जिवंत मनुष्य कशाला? हीं उतरतीं छपरें कोणत्या पावसाला तोंड देतात, या अर्धवर्तुळाकार लांकडी खिडक्या उजेड व वारा कसा आंत घेतात, आणि बंदिवानासाठीं बांधलेलें घर राजवाड्याच्या थाटाचें कां, हें जो समजावून देईल तोच वाटाड्या. इतर सारे पाठ म्हणणारे पोपट होत.

दुसरा आक्षेप तर त्याहून पोकळ. जेथें वर्षाकांठीं तीन हजार मिलिमीटरांवर पाऊस कोसळतो, तेथें माणसानें निवारा कसा केला, हा प्रश्न का क्षुल्लक आहे? जांभा खाणींतून काढतांना मऊ असतो आणि उघड्या हवेंत कठीण होतो. म्हणून त्याचे चिरे घडवितां येतात आणि भिंतही टिकते. १८६५ सालीं बासेल मिशननें मंगळूरास कौलांचा कारखाना काढला; पुढें त्या चपट्या कौलांनीं किनाऱ्यावरील नळीच्या कौलांस मागें सारलें. एका छपरांत असा व्यापाराचा इतिहास दडलेला असतो.

भिंती समाजाचाही हिशेब ठेवितात. कोणी अंगणांत थांबावें, कोणी ओटीवर बसावें, कोणास माजघराची वाट मोकळी, हें जुन्या घराची मांडणीच ठरवीत असे. ती मांडणी ज्यास वाचतां येते, त्यासच भागोजीशेठ कीर यांनीं सावरकरांच्या प्रेरणेनें बांधलेल्या आणि १९३१ सालीं सर्व हिंदूंस खुल्या झालेल्या पतितपावन मंदिरानें केवढा उंबरठा ओलांडला, हें उमगेल. ज्यास ती वाचतां येत नाहीं, त्यास तें इतर देवळांसारखेंच एक देऊळ.

टिळक आळींतील लोकमान्यांचें जन्मघर स्मारक म्हणून राखलें गेलें, हें योग्यच झालें. पण ज्या घरांत कोणी लोकमान्य जन्मले नाहींत, त्या कौलारू घरांचा वाली कोण? तीं पाडून सिमेंटचे ठोकळे उभे राहतात, तेव्हां कोणासही हळहळ वाटत नाहीं, कारण त्यांत कांहीं मोलाचें होतें हें कोणी सांगितलेलेंच नसतें.

म्हणून व्याख्यानें हवींतच. मात्र तीं सभागृहांतील खुर्च्यांपुढें नकोत, प्रत्यक्ष घरापुढें उभें राहून व्हावींत. व्याख्यात्यांत जांभ्याचें काम जाणणारा गवंडी असावा, वासे जोडणारा सुतार असावा, आणि पावसाळ्यांत घर कोठें गळतें हें जाणणारी गृहिणीही असावी. शेवटीं परीक्षा एकच घ्यावी: उमेदवारास एखाद्या बिननांवाच्या घरापुढें उभें करावें आणि अर्धा तास बोलावयास लावावें. जो तेथें मुका होईल, त्याच्या हातीं राजवाडाही सोपवूं नये.