उटण्यातली बावची आणि ट्यूबवरची बारीक अक्षरे

गोव्याचे माणूस माळव्याच्या थंडीत उतरले की पहिली तक्रार त्याची कातडी करते. गेल्या हिवाळ्यात ताईकडे देवासला गेले होते. दोन दिवसांत हातांवर पांढऱ्या रेघा, ओठांना चिरा, टाचांना भेगा! पणजीत बारा महिने घाम पुसत कचेरी गाठणाऱ्या माझ्यासारखीला हे नवलच. क्षयाने आजारी असलेले कुमार गंधर्व १९४८ साली देवासला येऊन राहिले ते याच कोरड्या हवेसाठी, आणि मग इथलेच झाले. फुफ्फुसांना मानवते ते कातडीला मानवेलच असे मात्र नाही.

पण माझ्या भेगांचे दुःख दारातच संपले. दार उघडले भाचीने, आणि मी दचकलेच. तिचा गव्हाळ, तुकतुकीत चेहरा लालबुंद झाला होता. गालांवर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक शिरा, हनुवटीवर पुटकुळ्या. धारचे स्थळ ठरले होते, लग्नाला चार महिने होते. "मावशी, काही विचारू नको," म्हणाली आणि आत निघून गेली.

हकीकत नेहमीचीच. साखरपुड्यात कुणीतरी "मुलगी छान आहे, थोडी सावळी आहे" एवढे वाक्य टाकले. मग ओळखीतल्या एका बाईने क्रीम सुचवले, औषधाच्या दुकानात ते चिठ्ठीशिवाय मिळाले. पंधरा दिवसांत रंग उजळला, सगळे खूश. दोन महिन्यांनी आग सुरू झाली. बंद करावे तर चेहरा पेटल्यासारखा होई, म्हणून पुन्हा तेच लावायचे.

मी ट्यूब मागितली. कलाशाखेची पदवी, त्यामुळे रसायनशास्त्राशी आमचा संबंध दहावीलाच तुटलेला. पण वीस वर्षे सरकारी कागद वाचणाऱ्या कारकुनाला एक सवय लागते. ठळक मथळ्यावर विश्वास ठेवायचा नाही, खालची बारीक अक्षरे आधी वाचायची. तिथे तीन नावे होती. हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन, मोमेटासोन. पहिले त्वचेतले रंगद्रव्य तयार होणे रोखते. दुसरे वरचा थर लवकर झडायला लावते. तिसरे स्टेरॉइड. ते लाली आणि सूज दाबते, रक्तवाहिन्या आकसवते, म्हणून चेहरा फिका दिसतो, आणि लोक त्याला गोरेपणा म्हणतात. महिनोन्महिने लावले की हेच स्टेरॉइड त्वचा पातळ करते, खालच्या शिरा दिसू लागतात, मुरुमे येतात, काहींना लव वाढते. थांबवले की दाबलेली लाली दुपटीने उसळते. भारतीय त्वचारोगतज्ज्ञ अशा चेहऱ्याला 'टॉपिकल स्टेरॉइड डॅमेज्ड फेस' म्हणतात. एखाद्या व्याधीला वेगळे नाव पडावे इतके रुग्ण आपल्याकडे आहेत, हे लक्षात घ्या.

हे मिश्रण वाईट आहे असे नव्हे. वांगाच्या डागांवर डॉक्टर ते मोजक्या आठवड्यांसाठी देतात. ते औषध आहे, शृंगाराचे साधन नव्हे. मार्च २०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टेरॉइड मलमांना असलेली सूट काढून ती शेड्यूल एचमध्ये आणली, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. ट्यूबवर तसे छापलेलेही होते. छापलेले पाळले जात असते तर आम्हा कारकुनांना काम उरले नसते!

दुसऱ्या दिवशी धारला गेलो. इंदूरवरून शंभरेक किलोमीटर. ताईच्या सासूबाई तिथे जुन्या घरात राहतात, पंच्याऐंशीच्या आहेत, आणि बोलायला खणखणीत. नातीचा चेहरा पाहून म्हणाल्या, "आमचं घरचं उटणं लावलं असतं, तर ही पाळी आली नसती. त्यात केमिकल नाही."

इथे माझे आजींशी पटले नाही. वयाचा मान राखून गप्प बसले, पण इथे लिहिते. उटण्याचा डबा उघडून मी एकेक जिन्नस विचारून घेतला. मसुरीचे पीठ, मुलतानी माती, आंबेहळद, वाळा, नागरमोथा, गव्हला कचोरा, संत्र्याची साल, थोडी बावची. पीठ आणि माती तेल शोषून घेतात, म्हणून अभ्यंगानंतर ते छान. वाळा, नागरमोथा मुख्यतः वासासाठी. रोज चेहऱ्यावर चोळले तर मात्र देवासच्या हवेत आधीच कोरडी झालेली त्वचा आणखी खरबरीत होणार. आमच्याकडे, घामाच्या मुलखात, तेच उटणे सोसते.

आणि बावची! कोडावर वैद्य ती पूर्वापार वापरत आले, कारण तिच्यात सोरालेन असते. ते लागलेली त्वचा उन्हात काळवंडते, प्रसंगी भाजते. गोरे करणाऱ्या उटण्यात रंग आणणारे बी! त्याच बीत बाकुचिओल नावाचे आणखी एक द्रव्य आहे. ते वेगळे काढून त्याची माहिती १९६६ साली प्रसिद्ध केली ती पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी. आज तेच विलायती सीरमांच्या बाटल्यांवर मिरवते. ४४ जणांवर १२ आठवडे झालेल्या एका चाचणीत अर्धा टक्का बाकुचिओलने सुरकुत्या आणि डाग रेटिनॉलइतकेच कमी झाले, आणि साली निघणे, चुरचुरणे हे रेटिनॉलपेक्षा कमी. चाचणी लहान होती हे खरे. पण डब्यातली बावची म्हणजे बाटलीतले बाकुचिओल नव्हे. एकात सोरालेन आहे, दुसऱ्यात शुद्ध करताना ते काढून टाकतात. 'नैसर्गिक' या शब्दात हा फरक मावत नाही.

लिंबाचेही तेच. त्याचा सामू २ च्या आसपास, त्वचेचा ५ च्या जवळ. लिंबू चोळून उन्हात गेलात तर फोड येऊन काळे डाग राहू शकतात. उलट आंघोळीचा साबण ९-१० वर, म्हणून तोंड धुतल्यावर ते ओढल्यासारखे वाटते.

महागड्या बाटल्यांनाही मी सोडणार नाही. घटकद्रव्यांच्या यादीत जे जास्त ते आधी लिहितात, १ टक्का आणि त्याखालचे मग कुठल्याही क्रमाने. फिनॉक्सिएथॅनॉल हे परिरक्षक सहसा १ टक्क्याच्या आतच असते. आता ताईच्या कपाटातल्या क्रीमवर समोर केशराचे चित्र, आणि यादीत केशर फिनॉक्सिएथॅनॉलच्याही मागे. म्हणजे चित्रात होते त्याहून कमीच केशर डबीत असणार! त्याच यादीत दुसऱ्या क्रमांकावर ग्लिसरीन होते, पाण्याच्या लगेच मागे. काम तेच करत होते, नाव केशराचे. नायासिनामाइड, म्हणजे ब-३ जीवनसत्त्व, २ ते ५ टक्के असले तरी डागांवर हळूहळू उपयोगी पडते, बाटलीवरचा १० चा आकडा पाहून भुलायला नको.

माझ्या टाचांना काय लागले ते सांगते. युरियाचे क्रीम, आणि वरून साधे पेट्रोलियम जेली. ग्लिसरीन, युरिया पाणी धरून ठेवतात, जेली ते उडू देत नाही. कोरड्या हवेत दोन्ही हवीत. पणजीत परतल्यावर जेलीने मला गुदमरायला झाले, तिथे खोबरेलाचे दोन थेंबही पुष्कळ.

राहिला रंग. १९७५ साली आपल्या देशात 'फेअर अँड लव्हली' आले, २०२० मध्ये त्याचे नाव 'ग्लो अँड लव्हली' झाले. नाव बदलले, पण साखरपुड्यातल्या त्या वाक्याचे काय? मला राग दुकानदाराचा आला, त्याहून जास्त ताईचा आला, आणि खरे सांगायचे तर माझाही. ही भाची जन्मली तेव्हा "रंग उतरेल हळूहळू" असे ताईला मीच पत्रात लिहिले होते. ते पत्र ताईने जपून ठेवले आहे.

इंदूरच्या त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी मलम सोडवण्याचे वेळापत्रक लिहून दिले, साधे मॉइश्चरायझर आणि झिंक ऑक्साइडचे सनस्क्रीन दिले. पहिला महिना तिने रडून काढला. लग्नापर्यंत लाली बरीच उतरली, शिरा थोड्या राहिल्या. हळदीच्या दिवशी आजींनी उटणे नव्याने कुटले, बावची वगळून. हातापायांना लावले, चेहऱ्याला बोट लावू दिले नाही.

महिन्याभराने लग्नाचा अल्बम आला. फोटोवाल्याने प्रत्येक पानावर तिला दुधासारखी पांढरी करून ठेवली होती. भाचीने अल्बम त्याच पिशवीत घालून परत पाठवला आणि वर चिठ्ठी लावली, "नवरी बदलली आहे, आमची द्यावी."