प्लग काळा असेल तर इथेनॉलला शिव्या देऊ नका
आज पिकाचं नाही, गाडीचं लिहितोय.

आमची २००४ ची शंभर सीसी. सोयाबीनची मळणी उरकली आणि गाडी चढाला दम टाकायला लागली. मागं दुधाचे कॅन लावले की तिसरा गिअर ओढेना. ॲव्हरेज ६० वरून ४० वर. चहाच्या टपरीवर निकाल तयार होता : "इथेनॉलनं कार्बोरेटर खाल्लं." मिस्त्रीनं तर प्लगसुद्धा न काढता सांगितलं, बोअर करावा लागेल, साडेचार हजार.

मला पटलं नाही. पान पिवळं दिसलं म्हणून आपण लगेच युरिया फेकत नाही. खालचं पान पिवळं असेल तर नत्र, वरचं पिवळं अन् शिरा हिरव्या असतील तर लोह, एवढं तरी बघतोच ना? गाडीचं पान म्हणजे प्लग.

तो बघायचीही पद्धत आहे. दारात गाडी चालू ठेवून प्लग काढाल तर काळाच दिसणार. आयडलिंगला आणि चोकवर कुठलाही प्लग काळा पडतो. चार-पाच किलोमीटर रोजच्या वेगानं पळवा, मोकळा रस्ता बघून क्लच दाबा, इंजिन बंद करा आणि तशीच थांबवा. प्लग मात्र इंजिन गार झाल्यावरच काढा, नाहीतर हेडचे आटे जातात.

टोक बिस्किटाच्या रंगाचं असेल तर सगळं ठीक. कोरडी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. पांढराफटक म्हणजे त्याच्या उलट. ओला, तेलकट काळा निघाला तर रिंगा नाहीतर व्हॉल्व्ह सील. बोअरची गोष्ट तिथं काढावी.

माझा निघाला कोरडा काळा. आता इथेनॉलचा हिशोब बघा. एक किलो पेट्रोल नीट जळायला साधारण १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९ च. जेट तेच ठेवून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल घातलं तर मिश्रणात हवा जास्त होते. म्हणजे प्लग पांढरा पडायला हवा, काळा नव्हे! आपल्याच उसाला उगाच बदनाम करायचं.

फिल्टर उघडला तर मळणीचा भुसा गच्च. फोमचा होता म्हणून साबणाच्या पाण्यात धुतला, पूर्ण वाळवला, तेलाचा हात दिला. (कागदी असेल तर धुवू नका, बदला.) नवा प्लग घातला. गॅप ०.६ ते ०.७ मिमी, म्हणजे साधारण हॅक्सॉ ब्लेडच्या जाडीएवढी. दुसऱ्या दिवशी कॅनसकट तिसऱ्यावर चढ चढली.

पांढरा प्लग मात्र अंगावर काढू नका, त्यात इंजिन तापून पिस्टन जातो. मॅनिफोल्डचं रबर चिरलंय का बघा, जेट साफ करून घ्या. इथेनॉल पाणी ओढतं आणि जुनी रबरं बिघडवतं, तेव्हा इथं त्याच्यावर संशय घ्यायला माझी हरकत नाही.

आणि मिश्रणाचा स्क्रू सगळ्यात शेवटी. तो फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, सैल केला की पेट्रोल कमी होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, सैल केला की वाढतं. त्याचा जोर आयडलिंगपुरताच, चढावर काही उपयोग नाही. हात लावायच्या आधी तो आवळत नेऊन किती फेरे बसतात ते मोजून भिंतीवर लिहून ठेवा. आमच्या गोठ्याच्या भिंतीवर गाईच्या तारखांशेजारी लिहिलंय, पावणेदोन.