सशाला चारापुढे मोजता येत नाही

बऱ्याच दिवसांनी लिहितेय. निमित्त झालं भाचीचं. परीक्षा संपल्यावर तिने माझ्या कपाटातून ‘वॉटरशिप डाऊन’ उचललं आणि चार दिवसांनी फोनवर तक्रार, "मावशी, हे ससे एवढं बोलतात, मग त्यांना पाच का मोजता येत नाहीत?"

तेव्हा मी "लेखकाची मर्जी" म्हणून वेळ मारून नेली. पण खरं सांगायचं तर मला हे पुस्तक आवडतं ते त्यासाठीच.

रिचर्ड ॲडम्सची ही कादंबरी 1972 सालची. त्यातल्या सशांना चारपर्यंतच आकडे कळतात. त्यापुढचं सगळं ‘ह्रैर’, म्हणजे पुष्कळ. फायव्हर हा अशाच एका मोठ्या वेताची सगळ्यात लहान पोर, म्हणून त्याचं नावच ‘छोटा पुष्कळ’! एके ठिकाणी ओढा पार करायचा असतो. ब्लॅकबेरीला एक तरंगती फळी दिसते आणि त्याला सुचतं, की दमलेल्या दोघांना हिच्यावर बसवून पलीकडे ढकलता येईल. बाकीच्या बहुतेकांच्या डोक्यात ते शिरतच नाही. म्होरक्या हेझललाही नीट कळत नाही, तो फक्त ब्लॅकबेरीवर भरवसा ठेवतो. आपल्याला साधी वाटणारी गोष्ट सशासाठी केवढा मोठा शोध आहे, हे त्या दोन पानांत कळतं. ॲडम्सने यासाठी रोनाल्ड लॉकली या निसर्ग-अभ्यासकाचं सशांवरचं 1964चं पुस्तक वाचलं होतं. भीतीने जागच्या जागी थिजणं, वास, बिळं, सगळं सशाचंच.

आता केनेथ ग्रॅहमचा टोड घ्या (‘द विंड इन द विलोज’, 1908). मोटार चोरतो, तुरुंगात जातो, धोबिणीचा वेष घालून पळतो. मजा येते, नाही असं नाही. पण तो बेडूक कुठे आहे? तो वाडवडिलांच्या पैशावर उधळणारा एक श्रीमंत गृहस्थ आहे. त्याच पुस्तकातला मोल मात्र हिवाळ्यात रात्री चालताना एकदम थबकतो, कारण त्याला आपल्या सोडून आलेल्या घराचा वास येतो. माणसाला घर आठवतं, मोलला ते नाकातून हाक मारतं. ते प्रकरण वाचताना मी दर वेळी रडते.

माझं मत असं, की प्राण्याला माणसाची भाषा जरूर द्या, पण डोकं त्याचं त्याला राहू द्या.

"गोष्टीच तर आहेत, एवढं काय मनावर घ्यायचं?" असं आमचे दादा म्हणतील. सांगते.

आमची मनी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलीय. शेवटच्या वर्षी मी पंधरा दिवस बाहेरगावी गेले होते. परत आले तर ती मांडीवर येईना, कपाटामागे जाऊन बसायची. आम्ही सगळे म्हणालो, "रुसलीय बाई. सोडून गेलीस ना!" मी तिची समजूत काढत होते, लाडाने ओरडतही होते. आठवडा असाच गेला. शेवटी डॉक्टरांकडे नेलं, तर किडन्या निकामी होत आल्या होत्या. मांजर दुखणं लपवतं, कोपऱ्यात जाऊन बसतं, हे त्यांनी सांगितलं तेव्हा कळलं. ती रुसली नव्हती. रुसवा माझा होता, मी तो तिला चिकटवला होता.

लवकर नेलं असतं तर वाचली असती का, कोण जाणे. पण तो आठवडा तिने एकटीने काढला, हे खरं.

म्हणून मला चारापुढे मोजता न येणारे ससे जवळचे वाटतात. ते आपल्यासारखे नाहीत, तरी ॲडम्स आपल्याला त्यांची काळजी करायला लावतो. आणि काळजी करण्यासाठी समोरचा आपल्यासारखाच असायला हवा, ही सवय मोडायला मला एक मांजर गमवावं लागलं.

असो. भाचीला आता फोन करून खरं उत्तर द्यायचंय. तुमच्या आवडत्या पुस्तकांतले प्राणी खरे प्राणी आहेत की कपडे घातलेली माणसं, जरूर कळवा. आणि घरात मांजर असेल तर आज ते कुठे बसलंय, एकदा बघून या.