सातबारा मोबाइलच्या स्वाधीन

झरी जामणीच्या कापूस पट्ट्यात मोबाइल ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. सरकारनेच ती शेतीच्या अवजारांत आणून बसविली आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली. पूर्वी तलाठी करीत असे ती पिकाची नोंद आता शेतकऱ्याने बांधावर उभे राहून, छायाचित्रासह, स्वतः करावयाची. २०२५ मध्ये भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या विक्रीसाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपवरील नोंदणीही आवश्यक केली. तलाठ्याकडचे हेलपाटे वाचले, हे मान्य. पण तालुक्यातील कोलाम पोडांचे काय? राज्यातील तीन आदिम जमातींपैकी ही एक. तिची कोलामी बोली द्राविडी कुळातली, ई-पीक पाहणीचे अ‍ॅप मात्र मराठीत. ज्याच्याकडे साधा फोन आहे, त्याने दुसऱ्याचा स्मार्टफोन मागावयाचा आणि ओटीपीही त्याच्याच हाती द्यावयाचा. (तो कोणालाही सांगू नका, असे एरवी सरकारच बजावते!) नोंद हुकली, तर सातबाऱ्यावरील पिकाचा रकाना रिकामा राहतो आणि शेतात उभा असलेला कापूस हमीभावासाठी कागदावर सिद्ध करणे अवघड होते. गावोगाव पीक पाहणी सहाय्यक नेमले गेले आहेत. त्यांचा दौरा पोडांपासूनच सुरू व्हावयास हवा.