हिरवे गोळे फोडा!

इलिनॉय विद्यापीठात शॅरन डगडेल आणि डेव्हिड किबी यांनी १९८०च्या सुमारास 'ग्रीन ग्लॉब्ज' हा संगणकावरचा खेळ रचला. आलेखावर तेरा हिरवे गोळे विखुरलेले. मुलांनी समीकरण टाईप करायचं, त्याची रेषा ज्यांतून जाईल ते गोळे फुटणार. एकाच फटक्यात पहिल्या गोळ्याला एक गुण, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला चार. खरी मेख या दुपटीत आहे. सरळ रेषेने हावऱ्या पोराचं भागत नाही. ते आपणहून वर्गसमीकरणाकडे, घनसमीकरणाकडे वळतं. आपल्या दहावीत मात्र अजून तीन बिंदू काढा, पट्टी लावा, गुण घ्या! संगणककक्षाला कुलूप लावणाऱ्या मुख्याध्यापकांनो, आठवड्यातला एक तास गणिताच्या बाईंना द्या.