घरट्यापासून लांब

सीवूड्सला आमच्या इमारतीच्या गच्चीवर उभं राहिलं, की खाडीच्या बाजूला दोन-चार घारी घिरट्या घालताना दिसतातच. थंडी पडली आणि टी. एस. चाणक्यच्या पाणथळीवर रोहित पक्षी उतरले, की रविवारी सकाळी पामबीच रोडच्या कडेला मोठाल्या लेन्स घेतलेली मंडळी जमू लागतात. गेली काही वर्षं त्यांच्यात माझा भाचाही असतो. नोकरीच्या पहिल्या वर्षात साठवलेले सगळे पैसे त्याने लेन्समध्ये घातले. “एवढ्यात स्कूटर आली असती,” हे त्याच्या अम्मीचं पालुपद अजून संपलेलं नाही.

एके दिवशी तो म्हणाला, “खाला, रोहित सगळेच काढतात. मला गरुडाचं घरटं हवंय.”

आता, आपल्या भागात गरुड दिसतच नाहीत असं नाही. ठिपकेदार गरुड थंडीत मुंबईच्या आसपासच्या पाणथळींवर येतो. पण तो पाहुणा. त्याची वीण दूर उत्तरेला, रशियाच्या जंगलांत होते. घरटं बघायचं तर जो इथेच संसार करतो तो गरुड शोधायला हवा. तो म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावरचा समुद्र गरुड. पांढरं डोकं, पांढरं पोट, राखाडी पंख, आणि पंख पसरले की साधारण दोन मीटर रुंदी. कोकणात त्याला काकण असंही म्हणतात.

आमच्या माहेरी, गुहागर तालुक्यात, घरामागच्या जुन्या आंब्यावर काकणाचं घरटं मी लहानपणापासून पाहत आले आहे. हे भाच्याला सांगितलं ते मीच. शिवाय “छान फोटो आला तर माझ्या हॉलमध्ये लावू,” असंही म्हटलं. पुढे जे झालं त्यात म्हणूनच माझाही वाटा आहे.

नोव्हेंबरात आम्ही गेलो. मादी घरट्यावर बसलेली होती. खालून तिचं फक्त डोकं दिसे. भाच्याला ते पुरेना. दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाला न विचारता तो शेजारच्या फणसावर चढला. मी अंगणात चहा घेत बसले होते. मला दिसत होतं, पण मी अडवलं नाही.

मादी उडाली. नर कुठूनसा आला आणि दोघं डोक्यावर फिरत ओरडू लागली. थोड्याच वेळात दोन डोमकावळे आंब्याच्या फांदीवर येऊन बसले. भाचा फोटो काढतच होता. गलका ऐकून माझे भाई बाहेर आले. त्यांनी आवाज चढवला नाही. एवढंच म्हणाले, “खाली ये अगोदर. ती परत बसल्याशिवाय मी तुझ्याशी बोलणार नाही.”

आम्ही सगळे घरात गेलो, दारं लोटून घेतली. भाईंनी खिडकीच्या फटीतून कावळ्यांवर नजर ठेवली. मादी परत बसायला अर्धा तास लागला. आपल्याला वाटतं, अर्ध्या तासाने काय होतं? पण उघड्या अंड्यावर कोकणातलं ऊन पडलं तर आतला जीव तापून मरू शकतो, आणि कावळ्याला तर एक मिनिटही पुरतं. समुद्र गरुड वर्षाला बहुधा दोनच अंडी घालतो. सुमारे सहा आठवडे ती उबवायची, मग पिल्लू उडेपर्यंत आणखी दोन-अडीच महिने त्याला भरवायचं. एवढी मेहनत एका फोटोपायी वाया गेली असती.

रात्री जेवताना भाच्याने बाजू मांडली. “मामू, सलीम अलीसाहेबही घरट्याजवळच बसायचे ना?”

प्रश्न चुकीचा नव्हता. १९३०च्या सुमारास हातची नोकरी गेल्यावर सलीम अली अलिबागजवळ किहीमला राहिले. तिथे सुगरणींची वसाहत होती. शिडीवर कापडी आडोसा करून ते तासन्‌तास बसत. नर अर्धवट घरटं विणतो, मादी येऊन ते पारखते, पसंत पडलं तर राहते, आणि मग नर दुसऱ्या मादीसाठी दुसरं घरटं विणायला घेतो, हे त्यांच्या त्या बैठकीतून जगापुढे आलं.

भाई म्हणाले, “ते बसले तरी सुगरणी आपलं काम करत राहिल्या. तू चढलास आणि काम थांबलं. फरक तिथे आहे.”

मी नंतर कायदाही वाचला. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मध्ये शिकारीची जी व्याख्या आहे, तिच्यात पक्ष्यांची अंडी किंवा घरटी यांना त्रास देणंही येतं. म्हणजे बंदूक हातात नसली तरी कायद्याच्या लेखी आमच्या फणसावर त्या सकाळी शिकारच झाली होती. सुदैवाने अंडी वाचली. फेब्रुवारीअखेर भाईंचा फोन आला, तपकिरी पिल्लू उडालं.

पुढच्या वर्षी भाचा पाऊस संपताच गेला, अंडी पडण्याच्या आधी, आणि आंब्याकडे फिरकलाच नाही. किनाऱ्यावरच्या खडकांत बसून राहिला. तिसऱ्या दिवशी त्याला हवं ते दिसलं. जोडी एका सुरात ओरडत उंच गेली, एकमेकांचे पंजे धरले आणि गरगरत खाली आली. ही त्यांची प्रणयाराधना. जोडी वर्षानुवर्षं टिकते, पण दर हंगामात हा खेळ होतो. मग दोघं काटक्या आणून त्याच जुन्या घरट्याची डागडुजी करतात.

अशी घरटी शोधून त्यांच्या नोंदी ठेवण्याचं काम चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने केलं आहे. २००२ मध्ये याच गरुडाच्या अभ्यासासाठी किनारा फिरताना त्यांना वेळासला कासवाच्या अंड्यांची टरफलं सापडली, आणि तिथल्या कासव संवर्धनाची सुरुवात झाली. शांतपणे पाहणाऱ्याला शोधलं नव्हतं तेही सापडतं, ते असं.

आपल्या घरातलं कोणी पोर कॅमेरा घेऊन निघत असेल तर एवढं जरूर सांगा. सुरुवात सीवूड्सच्या घारीपासून करावी. जानेवारी-फेब्रुवारीत ती काटक्या, चिंध्या, तारा उचलून नेताना दिसते. गच्चीवरून, लांबूनच टिपावं. पक्षी ओरडू लागला, डोक्यावर फिरू लागला किंवा घरट्यावरून उठला, तर आपण जवळ गेलो आहोत असं समजून लगेच मागे फिरावं. फांद्या तोडू नयेत, ड्रोन उडवू नये, आणि घरट्याचा पत्ता कोणाला पाठवू नये.

माझ्या हॉलमध्ये आता तो पंजे धरलेल्या जोडीचा फोटो आहे. त्यात आभाळच जास्त आहे आणि पक्षी लहान. पाहुणे जवळ जाऊन बघतात. फणसावरून काढलेले फोटो भाच्याने ठेवले नाहीत.